कडी पडली तो बुधवार

मी फाटक बोलतोय. पेडलरच्या टेकडीवर जाणाऱ्या पायवाटेवरचं, पाच आडव्या फळ्यांचं, ओकच्या लाकडाचं फाटक. फाटकाने काय बोलायचं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. उघडायचं, बंद व्हायचं आणि गप्प राहायचं, एवढंच आमचं काम. पण गेल्या उन्हाळ्यापासून मला कोणाच्या डोळ्याला डोळा देववत नाही, आणि सांगितल्यावाचून चैनही पडत नाही.

मला रूबेन ट्रँटरच्या वडिलांनी घडवलं. म्हातारा पैशाला चिकट, पण लाकडात खोट खपवून घ्यायचा नाही. बिजागऱ्या त्याने अशा बसवल्या की नुसतं सोडून दिलं तरी मी आपला आपण फिरून येतो आणि कडी खटकन पडते. या खटक्याचा मला फार तोरा होता. आसपासची फाटकं कुरकुरायची, लंगडायची. मी मात्र एका बोटाने हलायचो.

माझ्या खाली एक कुरण आहे, वर एक. खालच्यात पाण्याची दगडी डोण, वरच्यात सावली आणि चांगलं गवत. वरचं कुरण संपलं की टेकडीचा माथा. टेकडी म्हणजे काही फार नाही, कडेवर मूल घेतलेली बाईसुद्धा सहज चढते. पण माथ्यावरून आसपासच्या गावांच्या चर्चचे मनोरे दिसतात, आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे वेल्सचे डोंगर. त्यासाठी लोक येतात. वाट सरकारी नाही, ट्रँटरांच्या मर्जीची आहे. म्हाताऱ्याने लोकांना जाऊ दिलं, रूबेनही जाऊ देत आला.

दर बुधवारी येते ती हेस्टर प्रॉसर आणि तिची टोळी. हेस्टर पूर्वी गावच्या टपाल कचेरीत खिडकीवर बसायची. आता सत्तरी ओलांडली, गुडघे बोलतात, पण आवाज खणखणीत. नव्या माणसाला माथ्यावर उभं करून कुठला मनोरा कुठल्या गावाचा ते सांगायचं, हे तिचं सुख. चालताना ती नेहमी सगळ्यांच्या मागे राहते, कारण फाटकं दुसऱ्या कोणावर सोपवायला तिचं मन धजत नाही. फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं, हा इथला नियम. हेस्टरने तो किती जणांना ऐकवला असेल, देव जाणे. दुसऱ्यांनी टाकलेले चॉकलेटचे कागदही ती उचलून खिशात घालते.

त्या बुधवारी सकाळपासून ऊन मी म्हणत होतं. टोळी वर गेली तेव्हा मी बंद होतो, हेस्टरने मला पुन्हा बंद केलं. मागून टोळीतला ऑब्रे आला. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ आयुष्यात कधी वेळेवर कुठे पोचलेला नाही. त्यानेही मला नीट लावलं. मंडळी माथ्यावर चहाचे थर्मास आणि चीजचे सँडविच काढून बसली.

तेवढ्यात रूबेन आला. आपला मेंढा घेऊन तो जिल्ह्याच्या प्रदर्शनाला निघाला होता, दोन रात्री बाहेर राहणार होता. मेंढ्या वरच्या कुरणात; एरवी त्यांना पाण्यावर तोच खाली आणायचा. त्यांना आपल्या आपण खाली येऊन पाणी पिता यावं म्हणून त्याने मला सताड उघडलं आणि गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या दोरीने खुंटाला बांधून टाकलं. फोनवर शेजाऱ्याला सांगितलं, "पाण्याची सोय केलीय, येता-जाता लांबून नजर टाक म्हणजे झालं."

मंडळी उतरली. शेवटी हेस्टर, आणि मला बघताच तिचा पारा चढला.

"ऑब्रे, सकाळी मागून तूच आलास ना? हे काय?"

"मी लावलं होतं गं."

"लावलं होतंस, आणि वर उघडं बांधूनही ठेवलंस? घरीही दार असंच टाकतोस वाटतं."

"घरी मागून लावायला तू नसतेस ना."

सगळे हसले. हेस्टरने गाठीचा फास खुंटावरून काढला, दोरी नीट गुंडाळून खिशात टाकली आणि मला सोडून दिलं. मी झोकात फिरलो. कडी खटकन पडली. तिने हलवून बघितली आणि माझ्या फळीवर थाप मारली, "शहाणं आहे हे." मी फुलून गेलो. काय सांगू, इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

संध्याकाळी मेंढ्या माझ्यापाशी आल्या आणि उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या फळ्यांमधून तोंडं घालायला लागल्या. डोण समोर दिसत होती. कोकरं ओरडून ओरडून गप्प झाली. आयांनी मला ढुशा दिल्या, आणि मी, एका बोटाने हलणारा मी, तसूभर हललो नाही. शेजाऱ्याने रस्त्यावरून पाहिलं. मेंढ्या फाटकाजवळ जमल्यात म्हणजे पाण्यालाच निघाल्यात, असं समजून तो गेला.

रूबेन परतला तेव्हा तीन मेंढ्या माझ्या पायाशी पडल्या होत्या. त्याने शिवी दिली नाही. एका बोटाने मला उघडलं. लाकडाला लाज नसते म्हणतात, पण त्या बोटाखाली मी मेल्याहून मेलो.

पुढच्या बुधवारी माझ्या गळ्यात साखळी होती. रूबेन 'वाट बंद' अशी पाटी घेऊन उभा होता. टोळी येऊन थबकली.

"मावशी, आजपासून वर जायचं नाही," तो हेस्टरला म्हणाला. "मी बांधून ठेवलेलं फाटक कोणीतरी लावून गेलं. तीन मेंढ्या गेल्या पाण्यावाचून."

"शहरातली पोरं असतील, तंबू ठोकणारी," कोणीतरी म्हणालं.

"असतील." रूबेन खिसे चाचपत होता. "पाटीला दोरी आहे का कोणाकडे?"

"हेस्टरला विचार," ऑब्रे म्हणाला. "तिच्या खिशात अख्खा बाजार असतो."

सवयीने हेस्टरचा हात खिशात गेला आणि निळी दोरी घेऊन बाहेर आला. नीट गुंडाळलेली. टोकाला रूबेनची गाठ तशीच.

तिने दोरीकडे पाहिलं. रूबेननेही पाहिलं. ऑब्रे एकाएकी आपले बूट न्याहाळायला लागला. ती गप्प राहिली असती तर रूबेनही काही बोलला नसता. या गावात लोक मोठमोठ्या गोष्टी चहाबरोबर गिळून टाकतात.

"पोरं नव्हती, रूबेन," हेस्टर म्हणाली. आवाजातला खणखणीतपणा कुठल्या कुठे गेला होता. "मी लावलं. सकाळी लावलेलं होतं, म्हणून तसंच ठेवावं म्हटलं. कडी पडली की नाही तेही हलवून बघितलं मी."

रूबेनने हातातली पाटी खुंटाला टेकवली. "मेंढ्या कुठं आहेत न् पाणी कुठं आहे, एवढं तरी बघायचं होतं मावशी."

"हो."

"मलाही चार अक्षरं लिहून ठेवता आली असती." त्याने पाटी काखेत मारली आणि साखळी काढली. "जा वर. चहा निवतोय तुमचा."

मंडळी खाली मानेने एकेक करून गेली. हेस्टर गेली नाही.

ती अजूनही दर बुधवारी येते. सगळ्यांना पुढे सोडते आणि माझ्या वरच्या फळीवर हात टेकून उभी राहते. नव्या माणसांना मनोऱ्यांची नावं आता ऑब्रे सांगतो, ती सगळी चुकीची. खाली आला की मुद्दाम म्हणतो, "आज मी वेल्सच्या डोंगरांना स्कॉटलंड म्हणालो." तिने चिडून वर यावं, एवढीच त्याची धडपड. ती नुसती हसते.

एकदा रूबेन ट्रॅक्टर थांबवून म्हणाला, "मावशी, वर नाही गेलात?"

"इथूनही दिसतं की," ती म्हणाली.

माझ्यापाशी उभं राहिलं तर कुंपण दिसतं आणि पाण्याची डोण दिसते. बाकी काही नाही.

हिवाळ्यात माझी खालची फळी फुगली. कडी आता पहिल्यासारखी वाजत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. तुम्ही कधी या वाटेने आलात आणि मी बांधलेला दिसलो, तर आधी पाणी कुठे आहे ते बघा. आणि माझ्याजवळ एक म्हातारी उभी असेल, तर तिला हाताला धरून वर घेऊन जा. मनोऱ्यांची नावं विचारा. मी तर उघडाच असतो तिच्यासाठी, पण माझं ती ऐकत नाही.