साडूच्या नाकावर टिच्चून

काचवाल्यानं पिकअप घ्यायचं ठरवलं ते काचा वाहण्यासाठी नव्हे, धाकट्या साडूचं नाक कापण्यासाठी. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणूनच ती शोरूममध्ये त्याच्याबरोबर आली होती.

अकरा वर्षं दोघा साडूंनी खिडक्यांना काचा बसवायचा धंदा एकत्र केला. मापं घेणं, काच कापणं, बसवणं हे सगळं याच्याकडे. बोलणं आणि गाडी चालवणं साडूकडे. मग मागच्या वर्षी एका अर्धवट बांधलेल्या दवाखान्याच्या फाटकात, दहा मजुरांदेखत साडू म्हणाला, "उद्यापासून येऊ नका. गाडी माझी, गिऱ्हाइकं माझी. तुमच्या नावावर आहे काय? हातमोजे." मजूर हसले. काचवाला हत्यारांची पेटी खांद्यावर टाकून घरापर्यंत चालत गेला. त्या हसण्यानं त्याची झोप उडवली ती उडवलीच.

शोरूममधल्या बाईंनी दोन कागद पुढे ठेवले. विकत घेतली तर जवळची सगळी पुंजी सुरुवातीलाच जाणार, पण गाडी त्याच्या नावावर. लीजवर घेतली तर सुरुवातीला थोडेच पैसे, पुढे महिन्याला भाडं, दुरुस्ती कंपनीची. मात्र मुदत संपली की गाडी परत, आणि तोवर तिला एक भोकही पाडायचं नाही.

"विकत," काचवाला म्हणाला. "दारावर माझं नाव, हे एवढं. रोज त्याच्या दुकानावरून नेणार."

"तो दोन दिवस बघेल," बायको म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मान वर करणार नाही. त्यासाठी सगळी पुंजी घालवायची?"

त्याला शांत करावं म्हणून ती बोलली होती. पण तो विचारात पडला. खरंच, नुसतं डोळ्यात खुपून काय होणार? घाव बसायला हवा.

"बाई, तेवढ्याच पैशात लीजवर किती गाड्या निघतील?"

"दोन आरामात."

गावाबाहेर पाच मजली वसतिगृह उभं राहत होतं. तिथल्या खिडक्यांचं काम दोन गाड्या असणाऱ्यालाच मिळणार होतं. साडूकडे एकच होती, पण दुसरी येतेय असं सांगून त्यानं काम जवळजवळ खिशात घातलं होतं. काचवाल्यानं पेन उचललं.

"ती माझी सख्खी बहीण आहे तिकडे," बायको हळूच म्हणाली.

"फाटकात मीही कुणाचा तरी नवराच होतो," तो म्हणाला, आणि दोन्ही करारांवर सह्या केल्या.

भोक पाडायचं नव्हतं, म्हणून त्यानं काचा टेकवायला लाकडाची तिरकी चौकट बनवली, जुन्या घोंगड्यांचं अस्तर लावलं आणि ती पट्ट्यांनी गाडीला आवळून बांधली. वसतिगृहाचं काम त्याला मिळालं. त्याच कामाच्या भरवशावर साडूनं मोठं दुकान घेतलं होतं. चार महिन्यांत दुकान गेलं, मागोमाग गाडीही.

मग मेहुणी आली. पाण्याला हातही न लावता म्हणाली, "भावजी, यांना कुठंतरी चिकटवा."

"दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर हवाय," काचवाला म्हणाला. "सकाळी सातला. उशीर झालेला मला चालत नाही."

बायको उठून आत गेली.

साडू पावणेसातलाच वसतिगृहाच्या फाटकात आला. त्यानं मजुरांदेखत किल्ली घेतली, नजर जमिनीला. काचवाल्याला वाटलं होतं, त्या क्षणी छातीवरचं ओझं उतरेल. थोडं उतरलंही. दुपारी मोठी काच पाचव्या मजल्यावर चढवायला दोघांनाच हात लावावा लागला. एका टोकाला हा, दुसऱ्याला तो, जिना अरुंद. साडू पावलं सांभाळून, वळणावर थांबून, नेमकं चढत होता. काचवाल्याच्या ओठांवर शाबासकी आली आणि त्यानं ती गिळली.

आता तो रोज सकाळी किल्ली पुढे करतो आणि साडूच्या तोंडून माफीचा शब्द निघायची वाट बघतो. साडू फक्त विचारतो, "आज कुठं?" माफी मागितली असती तरी आपण दिली नसती, हे काचवाल्याला पुरतं ठाऊक आहे. तरीही तो स्वतः साडूच्या पाच मिनिटं आधी येऊन फाटकात उभा असतो.