गळ्यातली फटफटी

धर्मेंद्रला मी माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी कोणी तोंड वाकडं करायला नको.

माझ्या घशात दोन वर्षं कफ अडकून होता. ताप नाही, धड खोकला नाही, नुसतं घशाच्या मागच्या बाजूला काहीतरी चिकट, डिंक लावल्यासारखं. उठल्या उठल्या खं. प्रार्थनेत खं. वहीत तारीख टाकताना खं. आई म्हणायची, "मयुरी, जोरानं खाकर, एकदाचं निंगून जाऊ दे." बाबा म्हणायचे, "गूळ खाय." शेजारच्या सुलोचनाबाईंनी अडुळशाचा कडू काढा पाजला. मी जीव खाऊन खाकरायची. दोन मिनिटं बरं वाटायचं, मग आधीपेक्षा जास्त.

धर्मेंद्र आमच्याच वर्गातला, कापसाचे व्यापारी ताराचंद शेठ यांचा मुलगा. आवाज खणखणीत, ते कबूल करावंच लागतं. नववीच्या गॅदरिंगमध्ये मी भाषणाला उभी राहिले. "अध्यक्ष महोदय, खं, गुरुजनवर्ग, खं खं..."

मागून तो ओरडला, "किक मार, किक! फटफटी चालूच नाई होऊन राह्यली!"

अख्खा मंडप हसला. मराठीचे सर रुमालात हसले, मी पाहिलं. मी अर्ध्यातून खाली उतरले. पुढच्याच आठवड्यात त्याने शाळाभर केलं, "तिले टीबी हाय." माझ्या बाकावरची प्रेरणा दप्तर उचलून दुसरीकडे गेली. पाण्याच्या टाकीवर माझा ग्लास मुली पायाने सरकवायच्या.

तेव्हाच ठरवलं. तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत याच्यासमोर बोलायचं. आणि याचा आवाज अडकताना ऐकायचा. दुसरी गोष्ट कोणाला सांगितली नाही.

दहावीत दिवाळी झाल्यावर त्याच मराठीच्या सरांकडे गेले. ते म्हणाले, "शाळेची दोनच नावं जातात. एक धर्मेंद्र. दुसरं तुझं लिहीन, पण हा गळा घेऊन नाही. महिन्याभरात मोकळा कर."

आईला घेऊन एसटीने समुद्रपूरच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरबाई नव्या होत्या, कोल्हापूरकडच्या. आधी त्यांनी बेडका तपासायला लावला. टीबी नव्हता. तो कागद मी कंपासपेटीत जपून ठेवला. मग नाकात, घशात बॅटरी मारून पाहिलं.

"हे घशात तयार होत नाहीये," त्या म्हणाल्या. "नाकातून मागच्या मागे घशात उतरतंय. झोपतेस कुठे?"

"कापसाच्या खोलीत."

"कापसाच्या?"

आईने समजावलं. आमच्याकडे वेचलेला कापूस भाव येईपर्यंत घरातच भरून ठेवतात, पार आढ्यापर्यंत. दोन वर्षांपूर्वी बाबांनी मला अभ्यासासाठी नवी खोली बांधून दिली, आणि तीच कापसालाही दिली. उरलेल्या कोपऱ्यात माझी गादी. थंडीत काय ऊब असते!

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "आधी त्या धुळीतून बाहेर पड. मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कर. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने रोज नाक धू. दिवसभर पाणी पी. जेवल्याबरोबर आडवी होऊ नकोस. आणि खाकरणं बंद."

"बंद? मग ते निंगन कसं?"

"खरवडलंस की घसा सुजतो, सुजला की आणखी चिकट वाटतो, की तू पुन्हा खरवडतेस. खाकरावंसं वाटलं की दोन घोट पाणी पी. नसेल तर थुंकी गिळ."

घरी येऊन मी जाहीर केलं, "कापूस काढा, नाई त मले काढा."

बाबा म्हणाले, "कापूस कुठी नेऊ बाप्पा? पोरगी उचलाले सोपी." आणि माझी गादी ओसरीवर आली. डास भरपूर, पण धूळ नाही.

पहिले आठ दिवस वाईट गेले. घशात मुंगळे चालायचे. खाकरायचं नाही म्हणून मी बाक घट्ट धरून बसायची, डोळ्यांत पाणी यायचं. मग बाटली उघडायची. पहिला घोट धर्मेंद्रच्या नावाने, दुसराही त्याच्याच. इतकं पाणी प्यायले की भूगोलाच्या तासाला तीनदा बाहेर जावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी परिपाठात प्रतिज्ञा संपली आणि लक्षात आलं, एकदाही खं झालं नाही! पूर्ण गेलं नव्हतं, पण आता ते माझं ऐकत होतं. सरांनी वर्गासमोर पाच मिनिटं बोलायला लावलं आणि गुपचूप नाव लिहिलं.

स्पर्धेच्या दिवशी बोलण्याच्या क्रमात धर्मेंद्र सहावा, मी आठवी. त्याआधीचे दोन दिवस तो वडिलांच्या गोदामात कापसाचे ट्रक भरताना धुळीत उभा होता. पडद्यामागे माझ्या कानावर आलं, "खं."

मी वळून पाहिलं. "खं खं." त्याचे कान लाल झाले होते.

"मयुरी, तुहा घसा कसा बरा झाला वं? मले सांग ना. माहा नंबर आला."

माझ्या हातात कोमट पाण्याची बाटली होती. दोन घोटांचं काम. मला ते पक्कं माहीत होतं.

"किक मार," मी म्हटलं.

"मजाक नको करू ना."

"मजाक नाई. जोरानं मार. मोकळं होतवरी मार."

त्याने मारली. पडदा हलेपर्यंत मारली. माइकसमोर तिसऱ्याच वाक्याला तो खणखणीत आवाज फाटला आणि फाटतच राहिला. सभागृहात कोणीतरी फिस्सकन हसलं. मी नाही. मी कान देऊन ऐकत होते.

मग मी बोलले. सहा मिनिटं, मध्ये एक घोट. पहिला नंबर गिरडच्या मुलीचा आला, दुसरा माझा.

तो बाहेर पायरीवर बसून अजून खाकरतच होता. मी बाटली पुढे केली. "दोन घोट घे. खाकरू नको." तो तोंड लावून प्यायला, म्हणजे जिला टीबी होता म्हणे तिच्याच बाटलीतून. आणखी एक घोट घेतला. घसा शांत झाला.

"हे तुले पयलेच मालूम होतं?"

"हो."

"मंग काऊन नाई सांगतलं?"

मी कंपासपेटीतून कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. "हे सोमवारी परिपाठात वाचजो. सगळ्याईसमोर."

"माहा आवाज बसला."

"सोमवारपर्यंत येते. दोन दोन घोट घेत राह्य."

सोमवारी तो उभा राहिला. मैदानावर सगळी शाळा, पुढच्या रांगेत प्रेरणा. त्याने खाली मान घालून वाचलं, "कुमारी मयुरी प्रेमदास... क्षयरोगाचे जंतू आढळले नाहीत."

मी मागून ओरडले, "आवाज नाई येऊन राह्यला! अजून एकदा!"

त्याने अजून एकदा वाचलं.