खिडकीचा दोरा

"कात्री नको लावूस गं! थांब!"

मामा असे ओरडले, की पत्र्यावरची कबुतरं जी उडाली ती, खोटं नाही सांगत, दुपारच्या चहालाच परतली. शेजारी काम करणाऱ्या बाईनं कात्री खाली ठेवली. समोर जुन्या वॉशिंग मशीनची मोटार उघडी पडली होती.

कंपनीनं विकलेलं यंत्र लोकांनी टाकलं, की ते कंपनीनंच परत आणायचं, मोडायचं, तांबं-लोखंड वेगळं करायचं, असा कायदा झाला होता. उभी हयात ही यंत्रं जोडण्यात घालवलेले मामा म्हातारपणी तीच मोडायला रोजावर आले होते. गप्पिष्ट असे, की गंजलेल्या स्क्रूलाही हसू येऊन तो आपोआप ढिला व्हावा.

मुकादम बाई धावत आल्या. "आता काय, मामा?"

"ही मोटार आमच्या हिनं बांधलेली."

"रोज हेच म्हणता!"

"रोज 'शोधतोय' म्हणतो. आज सापडली."

मामांनी तांब्याच्या वेटोळ्यावरचा दोरा दाखवला. "हिचा पुढचा एक दात पडलेला. कारखान्यात सगळ्याजणी 'खिडकी' म्हणायच्या. ही गाठ मारताना दोरा दातांत धरून ओढायची. मग वरून व्हार्निश बसायचं. बघा."

व्हार्निशनं कडक झालेल्या दोऱ्यावर दातांचे बारीक खळगे होते. मध्ये एक जागा कोरी.

बाईंनी चष्मा पुसला. "घरी फोटो असेल की."

"आहे ना. त्यात तोंड मिटून बसलीय. दात दिसेल म्हणून."

"मामा..."

"तेवढा दोरा द्या मला."

"आत आलेलं काही बाहेर जाऊ द्यायचं नाही, माहीत आहे तुम्हाला. माझी नोकरी जाईल हो."

"बरोबर आहे," मामा हसले. "विकलेलं सगळं कंपनी परत घेते. व्हार्निशच्या वाफेनं छाती गेलेली ही तेवढी मला परत दिली."

"कापायचं ते तुम्हीच कापा," बाई म्हणाल्या आणि पाठ करून उभ्या राहिल्या.

मामांनी कात्री घेतली नाही. मोटार उचलून तोंडाशी नेली, दोऱ्यावर जिथं तिचे दात उमटले होते तिथंच आपले टेकवले आणि ओढलं. वेटोळं सैल झालं. तांबं पेटीत पडलं.

संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्यानं खिसे चाचपले, डबा उघडला, चपला झटकायला लावल्या.

"काय मामा, आज किती तांबं पळवलं?"

यावर "पोटात आहे, काढ बघू!" हे मामांचं ठरलेलं उत्तर. पहारेकरी त्याचीच वाट बघत उभा राहिला.

"काय हो, बोलती बंद आज?"

मामांनी नुसती मान हलवली आणि फोटोतल्या तिच्यासारखे, ओठ घट्ट मिटून, हसत बाहेर पडले.