पायावरचं पाणी

उजव्या पायाच्या जोडव्याखाली अजून ओल होती. फियाटच्या पत्र्यातून वर येणाऱ्या धगीनं बाकीचा पाय केव्हाच कोरडा झाला होता, टाचेवर धुळीचा पातळ थरही बसला होता, पण जोडवं आणि कातडी यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत थेंबभर पाणी टिकून होतं, आणि शिवकन्या बोट हलवेल तसं ते गार लागत होतं... बोट हलवू नये. किंवा एकदाच पदरानं पुसून संपवून टाकावं. पण वाकलं तर अव्वा बघतील. अव्वा, म्हणजे तिच्या सासूबाई गंगम्मा, शेजारीच बसल्या होत्या, घरून आणलेला फिरकीचा तांब्या मांडीवर दोन्ही हातांनी धरून.

"अव्वा, काच वर घे, धूळ येतीय," पुढून गाडी चालवता चालवता मन्मथ म्हणाला.

"येऊ दे. सुनंचा समुद्र तरी बघू दे की मला. हाच का गं तो, शिवकन्या? लगीन झाल्यापास्नं ऐकून राहिले, आमचं तळं, आमचं तळं... आमच्या लातुरात म्हशी डुंबत्यात त्यात ह्याच्यापेक्षा जास्त पानी ऱ्हातंय."

मन्मथ हसला. पुढच्या सीटवर गुडघे टेकून बसलेली पाच वर्षांची उमाही हसली, बाबा हसले म्हणून. शिवकन्याही हसली असती, एरवी. रस्ता तळ्याच्या काठाकाठानं चालला होता आणि तळं उरलं होतं ते पार मध्यावर, कुणी ताट धुऊन उन्हात ठेवावं तेवढं. अलीकडे सगळी भेगाळलेली जमीन, आणि त्या जमिनीत ठिकठिकाणी खणलेले झिरे. प्रत्येक झिऱ्यापाशी एकेक बाई उकिडवी बसलेली, हातात वाटी, शेजारी घागर. झिऱ्यात वाटीभर पाणी साठायची वाट बघायची, साठलं की घागरीत ओतायचं, पुन्हा वाट बघायची...

तिनं मान फिरवली.

हट्ट तिचाच होता. लातूर जिल्हा झाल्याला चार वर्षं झाली होती, मन्मथ नव्या कचेरीत लागला होता, गेल्या महिन्यात मामांची जुनी फियाट घरी आली, आणि पहिल्या रविवारीच तिनं म्हटलं होतं, उमाला कंधारचं तळं दाखवू या. सीताफळांनी भरलेले डोंगर, काठावरची हिरवळ, पाण्यात उलटा दिसणारा किल्ला. पाऊस दोन वर्षं नाही हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण मनातलं तळं आटत नाही. तिचे वडील कंधारला मास्तर होते. बदली झाली, मग ते गेलेच. माहेर म्हणून त्या गावात आता उरलं होतं ते एकच दार — रहमतबींचं, तिच्या खालाचं. त्यांची हसीना आणि ती नांदेडला कॉलेजात एका खोलीत राहिल्या होत्या, एका डब्यात जेवल्या होत्या. आणि त्याआधी, शाळेतून येताना, स्वतःच्या घराच्या अलीकडे रहमतबींचं घर लागे म्हणून पहिलं पाणी तिथंच...

"आली गं माझी शिवू!" रहमतबी मघाशी ओसरीवरून जवळजवळ पळतच आल्या होत्या. केस पार पांढरे झालेले. "हसीना असती तर नाचली असती बघ. बिलोलीला दिली तिला. तुम्ही काय बाबा, आता जिल्ह्याची माणसं! आमच्या दारात मावता का न्हाई?" मग गाडीकडे वळून, "माय, तुम्ही बी उतरा की."

"न्हाई बाई, गुडघे धरलेत. मी हितंच बरी," अव्वा खिडकीतून म्हणाल्या. काच पूर्ण खाली होती. ओसरी दहा पावलांवर.

रहमतबी आत गेल्या आणि तांब्या घेऊन आल्या. "झिऱ्यावरचं हाय, शिवू. सकाळधरून बसले तवा एवढं मिळालं. लई गोड लागतंय."

आणि शिवकन्यानं तांब्या घेतला, ओसरीच्या कडेला गेली, आणि पायांवर ओतला. आधी उजव्या, मग डाव्या. सगळा.

पाणी शहाबादी फरशीवरून ओघळत खाली गेलं, एक कोंबडी आली, मान खाली-वर करत प्यायली.

"असू दे, बेटा, असू दे," रहमतबी म्हणाल्या. "उन्हाची आलीस. पाय भाजले असतील." त्यांनी रिकामा तांब्या तिच्या हातातून काढून घेतला, हळूच, झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं काढावं तसा. आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा हात मोकळे होते. मग उमाला जवळ घेऊन, तिच्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. ही बाई दिवसभर आता काय पिणार, हे विचारायला शिवकन्याला तोंड नव्हतं.

...चूक झाली. पाहुणा आला की आधी पायांवर पाणी, मग प्यायला. सवयीनं हात गेला, ऊन होतं, डोकं चालत नव्हतं. गाडी निघाल्यापासून ती हे जुळवत होती. हसीनाला पत्रात कसं लिहायचं तेही. लिहिता येईल. अगं, माझ्या वेंधळेपणाची कमाल बघ —

"बरं केलीस हो," अव्वा कानाशी येऊन म्हणाल्या. तोंडाला लवंगेचा वास. "मला वाटलं, आता लावतीस तोंडाला. शिकलेली हायस, तवा धास्तीच होती मला. पर येळंला सुचलं तुला."

"काय सुचलं?" मन्मथनं आरशातून विचारलं.

"तू रस्ता बघ. बायकांचं हाय."

आणि अव्वांनी तिच्या मांडीवर थोपटलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. लग्नात, उमाच्या बाळंतपणात, मुलगी झाली म्हटल्यावर, कधीही न थोपटलेला तो हात आता मांडीवर होता, जड, ऊबदार, आणि — शिवकन्याला स्वतःची किळस आली ती इथं — तो तिला बरा वाटला.

सवय? त्या घरात पायांना जर्मनचा तांब्या असतो, दाराजवळ, बादलीत. पितळी तांब्या पिण्याचा. हे मला पाटी-पेन्सिलीच्या वयापासून ठाऊक आहे. आणि त्या तांब्यावर पेला उपडा घातलेला होता. कोण पाय धुवायच्या पाण्यावर पेला उपडा घालतं? तो पेला मी माझ्या हातानं काढला, कट्ट्यावर नीट ठेवला, आवाज होऊ न देता... आणि तेवढ्या वेळात मला सगळं दिसत होतं: दहा पावलांवरची खिडकी, खिडकीतली मान. प्यायलं तर घरी महिनाभर अबोला. नको म्हटलं तर खालाच्या तोंडावर नको म्हणणं. आणि मग ही तिसरी वाट, दोघींना फसवणारी. दोघीही फसल्या नाहीत. एकीनं पाठ थोपटली. आणि दुसरीनं — पाय भाजले असतील, म्हणाली. मला शोधावी लागू नये म्हणून सबबही तिनंच दिली.

"आई," उमा सीटच्या पाठीवर हनुवटी टेकून मागं बघत होती. किती वेळ बघत होती कोण जाणे. "त्या नानीचं पाणी घाण होतं का गं?"

"आपुन कुनाच्या घरचं पीत नसतो, बाळा," अव्वा म्हणाल्या. सहज, बाराखडी शिकवावी तशा.

"घाण नव्हतं." शिवकन्याचा आवाज गाडीत जरा मोठाच वाजला. मन्मथनं आरशात पाहिलं. मांडीवरचा हात थांबला. "गोड होतं. तिथलं पाणी गोडच असतं, मी लहानपणी रोज पीत होते."

"मग तू ओतून का टाकलंस?"

उत्तर तयार होतं. ऊन, पाय. तोंडापर्यंत आलंही, आणि ते दुसऱ्या कुणाचं आहे, ते पुन्हा वापरता येणार नाही, हे कळून तिथंच अडलं. खरं उत्तर एका वाक्याचं होतं. ते इथं, ह्या गाडीत, ह्या हाताखाली बोलायचं म्हणजे... अव्वांनी हात काढून घेतला होता. कधी, ते तिला समजलंच नाही.

"आई?"

"बगळे बघ, उमा, केवढे!" मन्मथ म्हणाला, आणि पोर झटकन पुढं वळली. उरलेल्या पाण्याच्या कडेला बगळे होते खरे, दहा-बारा. ती बोटानं मोजू लागली.

सुटलो, असं वाटायला हवं होतं. गाडी निघाल्यापासून कुणी विचारू नये म्हणूनच तर ती धडपडत होती. पण शिवकन्या त्या वळलेल्या डोक्याकडे, दोन वेण्यांमधल्या वाकड्या भांगाकडे बघत राहिली. बगळे संपतील, मोजणी संपेल, आणि ही पुन्हा मागं वळेल, पुन्हा विचारेल, अशी वाट बघत — आणि भीती होती ती एवढीच, की ही विसरून जाईल.