चार मेंढ्या जप्त

मारुतरावांची सोंगटी खेळातल्या 'शेत' लिहिलेल्या घरावर थांबली आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल अक्षरं आली: 'मेंढरं पिकात घुसली. चार मेंढ्या जप्त.'

शिरूरच्या कॉलेजात कॉम्प्युटर प्रदर्शनाला पाहुणे म्हणून आलेले मारुतराव पोट धरून हसले. "बरोबर दावलंय पोरीनं! धनगर म्हनलं की घुसणारच." मागची माणसंही हसली.

धनश्री हसली नाही. हे वाक्य तिने लिहिलंच नव्हतं. खेळ मात्र तिचा होता. न्हावऱ्याहून मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, निघायचा आणि इनामगाव, दौंड, यवत करत घाटाखाली उतरायचा. एकेक मुक्काम तिला वडिलांनी, भैरूंनी, दवाखान्याच्या खाटेवरून सांगितला होता. धाप लागायची, तरी थांबायचे नाहीत. "शेत आलं की धान्य मिळतंय, लिही. मेंढरं रातभर बसली की रानाला खत हुतं. मालक आपनहून बोलावतो आन् बाजरी घालतो." दिवाळीआधी ते गेले. उरलेला खेळ तिने एकटीने पुरा केला.

"सर, हे कुणी बदललं?"

सत्यजीत सरांनी आवाज खाली घेतला. "मीच, काल. खेळात जरा गंमत नको का?"

"लांडगा आहे, नदीचा पूर आहे, वाटेत विणारी मेंढी आहे. आणखी कसली गंमत?"

"पाहुण्यांसमोर नको. प्रोजेक्टचे मार्क माझ्या हातात आहेत, धनश्री."

ज्या माणसाने उभ्या जन्मात कुणाच्या पिकाला मेंढराचं तोंड लागू दिलं नाही, त्याला मेल्यावर चोर ठरवलं होतं. आणि खाली नाव तिचं होतं.

ती मारुतरावांकडे वळली. "आप्पा, मी भैरूची पोरगी. तुमच्या कांद्याच्या रानात आमचा वाडा बसायचा. सांगावा तुम्ही धाडायचा. घुसलो व्हतो का आमी?"

हसणं थांबलं. मारुतरावांनी टोपी सारखी केली. "न्हाई गं. बोलवायचो की. पर ते जुनं झालं. आता युरिया हाय."

"मग युरियाचा खेळ तुम्ही काढा."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. धनश्रीने खुर्ची ओढली, खेळ बंद केला आणि प्रोग्रॅम उघडला.

"ऊठ," सर म्हणाले. "नापास करीन."

"करा."

तिने ती ओळ खोडली. वडिलांनी सांगितलेली पुन्हा लिहिली. दोनदा चुकली, पण उठली नाही. खेळ सुरू करून तिने मारुतरावांची सोंगटी परत त्याच शेतावर नेऊन ठेवली.

"वाचा, आप्पा."

मारुतरावांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. मग मारुतरावांनी चष्मा चढवला आणि पुटपुटले, "मालकानं वाडा बसवून घेतला. दोन पायली बाजरी मिळाली."

"मघाशी हसलात तेवढ्या आवाजात, आप्पा," धनश्री म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."