पस्तिसाव्या दिवसाचं वजन

धाकटा दीर दोन दिवसांचं कोंबडीपालनाचं शिबिर करून आला आणि घरात जणू शास्त्रज्ञच अवतरला. येताना त्याने कंपनीच्या माणसाकडून पावडरीची मोठी पिशवी आणली. तिच्यात म्हणे कोंबडीच्या पोटात राहणारे चांगले जीवाणू होते, आणि त्या जीवाणूंच्या खाण्याची सोयही त्याच पिशवीत होती. घरातल्या माणसांच्या जेवणाची एवढी काळजी या गृहस्थाने जन्मात केली नव्हती. स्वतःचं उष्टं ताट उचलायचं म्हटलं तरी त्याच्या जिवावर यायचं.

थोरली सून सगळं ऐकत होती. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी; घरच्या कोंबड्यांच्या दोन्ही शेड अकरा वर्षं तिनेच सांभाळल्या होत्या. कुठलं पिल्लू पंख पाडून बसलंय, कुठल्या कोपऱ्यात भुसा ओला झालाय, हे तिला दारातूनच कळायचं. पण सासऱ्यांना धाकट्याचं कौतुक आवरेना. त्यांनी फर्मान काढलं. एकाच दिवशी आलेली पिल्लं दोन्ही शेडमध्ये सारखी वाटायची. एक शेड धाकट्याची, पावडरवाली. दुसरी सुनेची, नेहमीसारखी. पस्तिसाव्या दिवशी ज्याचे पक्षी भारी, दोन्ही शेडचा कारभार त्याचा.

म्हणजे हरली तर अकरा वर्षांनी या दिवट्याच्या हाताखाली राबायचं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, तरी ती हो म्हणाली. हरायची भीती तिला नव्हतीच. दिराला ती पुरती ओळखून होती.

आणि दिराने पहिल्याच दिवशी दिवे लावले. पिल्लांच्या पिण्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर पडलेली होतीच, त्यातच त्याने ही पावडर ओतली. जंतू मारायचं औषध आणि जिवंत जंतू, दोन्ही एकाच टाकीत. पिशवीच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की असं करू नका. पैज असूनही तिने सांगून पाहिलं. शिबिराला तुम्ही गेला होतात की मी, असं त्याने हसत विचारलं. मर मेल्या, असं मनात म्हणून ती तिथून निघाली.

दुसऱ्या आठवड्यात त्याची पिल्लं पातळ हगू लागली. भुसा चिकट झाला, वास दारापर्यंत आला, रोज पाचसहा पिल्लं माना टाकू लागली. आणि शास्त्रज्ञसाहेब? दुपारचं जेवून पंख्याखाली घोरत. तिने आता फक्त हाताची घडी घालून बसायचं होतं. पैज आपोआप तिची झाली असती.

पण त्या पिल्लांनी तिचं काय घोडं मारलं होतं? तिसऱ्या दुपारी तिला राहवलं नाही. तिने ओला भुसा उपसून कोरडा पसरला. तापलेल्या पत्र्याखाली पडलेली पिशवी गार खोलीत हलवली. पावडर आधी ओंजळभर खाद्यात कालवली, ते घमेलंभर खाद्यात, मग ते सगळ्या ढिगात, म्हणजे प्रत्येक चोचीला वाटा मिळावा. मग रोज दुपारी दीर घोरत असताना तेच. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला कळत होतं. आठवड्याभरात मरतूक थांबली आणि पिल्लं खाद्यावर तुटून पडू लागली. पावडर खरंच चांगली होती, याचा तिला सगळ्यात जास्त राग आला. स्वतःच्या शेडला मात्र तिने चिमूटभरही लावली नाही. पैज म्हणजे पैज.

पस्तिसाव्या दिवशी फळी आडवी लावून पक्षी कोपऱ्यात अडवले आणि दोन्हीकडचे पन्नास-पन्नास काट्यावर घेतले. तिचा पक्षी सरासरी दोन किलोचा भरला, दिराचा दोन किलो एकशेवीस ग्रॅमचा. दीर असा फुगला की त्यालाच काट्यावर घालावं. कंपनीचा माणूस व्हिडिओ घ्यायला मोबाइल रोखून उभाच होता, कसं केलंत ते सांगा म्हणाला. दिराने छाती काढून सगळं सांगितलं, टाकी आणि ब्लीचिंगसकट.

त्या माणसाचा मोबाइल हळूहळू खाली आला. अशाने त्यातलं काहीच जिवंत राहिलं नसतं, असं तो चाचरत म्हणाला. मग पक्ष्यांना पावडर दिली कुणी?

"मी," थोरली म्हणाली, आणि तिने होतं ते सगळं सांगून टाकलं.

दिराचं तोंड पाहण्यासारखं झालं. ती सासऱ्यांकडे बघत राहिली. सासऱ्यांनी घसा खाकरला. शेड धाकट्याची, भारी पक्षी त्याच्याच शेडमधले, तेव्हा ठरलं ते ठरलं, असं ते म्हणाले. कंपनीचा माणूस स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "पण मामंजी, मी पिल्लांसाठी गेले होते, तुमच्या चिरंजीवांसाठी नाही. पुढच्या वेळी सगळी मेली तरी मला बोलवू नका."

"बोलवायचं कशाला?" सासरे शांतपणे म्हणाले. "तू जाशीलच."

तिने तोंड उघडलं. चांगलं झणझणीत उत्तर जिभेवर आलं होतं. पण म्हातारा खरं बोलत होता, आणि ते तिथल्या चौघांनाही ठाऊक होतं.