मुठीचा रंधा आणि मी

मी सूर्यभान सुताराचा रंधा बोलतोय. अमरावतीच्या कापूसबाजारामागे आमचं छप्पर. बाभळीचं माझं अंग त्याने स्वतः तासलं, आणि माझ्याशिवाय दुसऱ्या रंध्याला त्याने कधी हात लावला नव्हता. तेव्हा मला मत्सर झाला, तो उगीच नाही.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. बाजारात गाड्यांची रीघ, रोज कुणाचं ना कुणाचं चाक मोडलेलं. त्या गर्दीत मुंबईच्या गोदीतून आसेंग नावाचा चिनी सुतार आला आणि सूर्यभानकडे कामाला राहिला. त्याच्या रंध्याला दोन्ही बाजूंना मुठी! सूर्यभानने तो फिरवून पाहिला.

"लोन्यावानी चालते, बाप्पा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

जेवताना आसेंग मोडक्या हिंदीत आपली हकिकत सांगे. ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं म्हणून तो निघाला होता. तिथल्या सरकारने कायदा केला : एका जहाजातून मोजकेच चिनी आणायचे, आणि उतरेल त्याने डोईपट्टी भरायची. मग लोक शेजारच्या मुलखात उतरून पायी जाऊ लागले, तर त्या मुलखानेही तोच कायदा केला. आसेंग नुसता किनारा बघून परतला आणि जहाजावर सुतारकाम करत मुंबईला लागला.

"काहून? सोनं काय त्याइच्या बापाचं व्हय?" सूर्यभानची बायको वच्छला म्हणाली.

पण आपल्या गावातही तेच शिजत होतं. चिनी माणूस कामं पळवतो म्हणून सहदेव मिस्त्रीने सुतारांची पंचायत भरवली. बाहेरच्या सुताराने डोईपट्टी द्यावी, नाहीतर गाव सोडावं, असं ठरलं. खरं सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

खंडेनवमीला वच्छलाने अवजारं धुऊन पाटावर मांडली. मुठीवाला अगदी माझ्या शेजारी! तेवढ्यात सहदेव आला.

"आजच्या आज निंघ."

आसेंगने आपल्या रंध्याकडे हात नेला. वच्छला आडवी आली.

"पूजेले बसवलेलं अवजार आज उठत नाई. तुमचा वासला तुमी आज उचलता काय, भाऊजी?"

सहदेव उंबऱ्यावरून मागे वळला. "सकाळी जाय मंग," म्हणून तो गेला.

दसऱ्याला आसेंगने आपट्याचं पान सहदेवच्या हाती दिलं. "सोना लो." सहदेवने पान घेतलं, मिठीही मारली, पण ठरलेलं बदललं नाही.

आसेंग निघाला. रंधा मात्र त्याने पाटावरच राहू दिला.

"इसको बैठने दो. इसको जगह मिला."

आता सूर्यभान रोज मुठीवालाच हाती घेतो. मी कोनाड्यात धूळ खातो आणि जळतो. खंडेनवमीला वच्छला आम्हाला शेजारी बसवते, हळदीचं बोट आधी त्याला लावते आणि दाराकडे बघत राहते.

आसेंग कुठे भेटला तर सांगा, तुझा रंधा घेऊन जा म्हणावं. नाहीतर असं करा, त्यालाच इथे राहायला बोलवा. मी पाटावर जरा सरकून बसेन.